मंजुश्रीचा पेला

मोताळ्याच्या बसस्टँडवर मलकापूरची गाडी अजून लागली नव्हती. आशाबाई बाकावर बसल्या होत्या आणि शेजारच्या दोघींचं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं.

"तानाबाई, मंजुश्री आली होती म्हणे पुण्याहून?"

"हाव. हॉटेलात दारूचे पेले भरते म्हणून तिचे बाबा वर्षभर बोलत नव्हते. पंचशील पाळणारा माणूस."

"मंग?"

"मंग तिनं घरीच थे इटलीचं फेसाळ पेय बनवलं. तिकडं त्याच्यात कडू दारू अन् वाइन टाकतात. हिनं त्याच्या जागी कडू किराईताचा काढा केला, संत्र्याची सालं टाकून."

"दारू नाही?"

"थेंबभर बी नाही. अन् रंग असा का पाहतच राहावं!"

"प्यायले काय तिचे बाबा?"

"पहिले तोंड वाकडं केलं. मंग पेला खाली ठेवलाच नाही."

"मले बी सांग ना, कसं करतात?"

"सोपं हाये. बरफावर पहिले सोडा ओताचा..."

बाकाच्या टोकाला इतका वेळ पेपरात तोंड खुपसून बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वर केली.

"सोडा शेवटी ओताचा! अन् चमचा एकच डाव फिरवाचा, नाही तं फेस बसते. आमच्या पोरीचा हात पाहाले पाहिजे होता तुम्ही."