एकशे वीस-ऐंशी

(ड्यूटी संपली आहे. वॉर्डामागची सामानाची खोली. वॉर्डच्या सिस्टर आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी मुलगी.)

सिस्टर : दार लोट आणि बस त्या स्टुलावर. पाय गळून गेलेत माझे, मान वर करून बोलायची ताकद नाही.

मुलगी : आजोबा कसे आहेत?

सिस्टर : सलाईन चालू आहे. चक्कर आली तेव्हा वॉर्डच्या मावशींनी धरलं म्हणून थोडक्यात निभावलं, नाहीतर बाथरूमच्या दारातच डोकं फुटलं असतं. तू म्हणालीस बीपी एकशे वीस-ऐंशी, म्हणून मी त्यांना उठू दिलं. नंतर मी मोजलं, तर नव्वदसुद्धा नाही! सकाळपासून तुझ्या सगळ्याच पेशंटचं एकशे वीस-ऐंशी. अगं, ते पुस्तकातलं बीपी.

मुलगी : मला ठोके ऐकूच येत नाहीत, सिस्टर. कोणाचेच.

सिस्टर : मग मूग गिळून का बसलीस? मी काय मेले होते?

मुलगी : पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘कान घरी ठेवून आलीस का?’ सगळा वॉर्ड हसला.

सिस्टर : असं म्हणाले मी?

मुलगी : तुम्ही विसरता. माझ्या डोक्यात रात्रभर तेच.

सिस्टर : एवढ्या खाटा आणि आम्ही दोघीच सिस्टर, गं. तोंड सुटतं.

मुलगी : दिसतं मला. म्हणूनच परत विचारलं नाही. उद्यापासून मी येणार नाही. आईला फोन करून सांगितलंसुद्धा. माझ्या हातून एखादा जाईल.

सिस्टर : अशीच गप्प राहिलीस तर जाईलच. डॉक्टरांना सांगून आलेय मी. तुझी चूक सांगितली, आणि मी शिकवलं नाही तेही. आता रडू नकोस बाई, मलाही रडू येईल. तो बीपीचा पट्टा आणि स्टेथोस्कोप आण इकडे.

मुलगी : कशाला?

सिस्टर : माझ्या दंडाला बांध. आणखी वर. हं, फुगव. आता हळूहळू हवा सोड. काय ऐकू आलं?

मुलगी : काहीच नाही.

सिस्टर : चला, आज दिवसभरात एक तरी खरं बोललीस.

मुलगी : हसणार नाही ना?

सिस्टर : हसायला जीव कुठे उरलाय! आधी बोटांनी नाडी शोध, कोपराच्या आतल्या बाजूला. लागली? चकती तिथेच ठेव. फुगव परत.

मुलगी : तुमची बस चुकेल, सिस्टर.

सिस्टर : चुकू दे. तुला ऐकू येईपर्यंत बसलेय मी.