तंबूबाहेरचा दुसरा पाय

सन्माननीय अध्यक्ष महोदय, स्पर्धा समितीचे मान्यवर सदस्य, आज निवृत्त होत असलेले आपले मुख्य पंच, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या खेळाडू बंधू-भगिनींनो,

खेळाडूंच्या वतीने बोलण्याचा मान मला मिळाला. का मिळाला? आपली ही गोल्फची दुसऱ्या फळीची टूर, गावोगावची स्पर्धामालिका. हंगामातले पहिले दहा वरच्या टूरवर गेले, ते आज तिकडे खेळतायत. मी रिकामा सापडलो.

कॉलेज अर्धवट टाकून इथे आलो तेव्हा वडील म्हणाले, "चेंडू भोकात ढकलायला घर सोडतोयस? जा!" आशीर्वादच म्हणायचा. मग चौदा गावं, एका खोलीत तिघं, आणि बेसिनमध्ये धुतलेली एकुलती एक पांढरी पँट. सकाळी पहिला फटका मारताना ती कायम ओलसर.

पंचसाहेबांना आम्ही मागे 'फूटपट्टी' म्हणतो. साहेब, हसू नका, तुम्हाला माहीत आहे. एकदा माझा चेंडू हद्दीत की बाहेर हे बघायला ते चिखलात चक्क पालथे झोपले. उठून म्हणाले, "बाहेर. एका बोटाने."

"कुणाच्या बोटाने?" मी तापलोच.

"माझ्या. तुझं जाड आहे."

त्यांची कन्या आमच्या गटाबरोबर चालून स्कोअर टिपायची. माझे फटके माझ्यापेक्षा तिलाच नीट ठाऊक. माझी नजर कुठे असते, तेही बहुधा ठाऊक असावं.

शेवटच्या स्पर्धेअखेर मी एकूण आठवा होतो. आमच्या खेळात आपला स्कोअर कार्डावर जोडीदार लिहितो. आपण तो तंबूत बसून तपासायचा आणि सही करायची. अकराव्या होलला माझा चेंडू पाण्यात गेला होता. दंड धरून पाच फटके. जोडीदाराने लिहिले चार.

"नीट बघितलंस ना?" साहेबांच्या कन्येने टेबलापलीकडून विचारलं.

"बघतोच आहे की," मी म्हणालो. कार्डाकडे सोडून सगळीकडे बघत होतो. सही ठोकली.

सही केली तरी तंबूत असेपर्यंत चूक सुधारता येते; बाहेर पडलं की कमी स्कोअरवर सही करणारा बाद. तिने कार्ड स्वतःच्या वहीशी ताडलं आणि ओरडली, "थांब!" माझा एक पाय आत, एक बाहेर. आपल्याला चहाला विचारतेय, असं वाटलं मला! लगेच वळलो तर मान काय राहिला? ऐटीत केस सारखे केले आणि दुसराही पाय बाहेर टाकला.

पंचसाहेब आले. "दोन्ही पाय बाहेर होते?"

"एक आत होता," मी म्हणालो.

"दोन्ही बाहेर होते, बाबा," ती म्हणाली.

मी स्पर्धेतून बाद, आठव्याचा अकरावा. मग भर तंबूत मी जे तोंड सोडलं, ते या सभेत सांगण्यासारखं नाही. तेव्हापासून ती माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही.

अध्यक्ष महोदय, पंचांनी लेकीचं ऐकून अन्याय केला, ही माझी लेखी तक्रार तीन महिने आपल्यापुढे पडून आहे. साहेबांच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीवर तेवढा एकच शेरा. स्वतःवरचीच तक्रार दाबणं नियमात बसत नाही, म्हणून त्यांनी ती स्वतःच आपल्याकडे पोचवली. अशा माणसाचा राग तरी किती दिवस करायचा?

माझे दोन्ही पाय बाहेर होते. हे मी लिहून आणलंय, यावेळी तीनदा वाचून सही केली आहे. तक्रार मागे घेतो.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. तंबूतल्या बोलण्याला मात्र ही सवलत मागत नाही; ते चुकलंच होतं.

आणि मागच्या दाराशी पर्स खांद्याला लावून निघालेल्या स्कोअररबाईंना एक विनंती. तुमचा एक पाय अजून आत आहे. मी नीट बघतोय.

थांब.