एका वाटीचं पोट

—नाही गं, टाक्यांचं एवढं काही नाही. पाच भोकं पाडतात, करंगळीच्या नखाएवढी, आणि ती भरूनही येतात. दुखतो तो खांदा. हसतेस काय, खरंच सांगतेय—कापतात पोट आणि दुखतो खांदा. कॅमेरा फिरवायला आत हवा भरतात ना, त्यातली थोडी मागे राहते आणि वर चढून बसते. शुद्धीवर आल्या आल्या मी नर्सला म्हटलं, अहो, जागा तर चुकली नाही ना तुमची? ती म्हणाली, उठा, चाला. त्यांच्याकडे सगळ्याला एकच औषध—चाला. त्याच संध्याकाळी चालवतात, सलाइनची दांडी धरून, खोलीपासून जिन्यापर्यंत आणि परत. तू चाल हो. कंटाळा करू नकोस. एकदाचा ढेकर येतो आणि मग जीव जिथल्या तिथे येतो.

तुझं पोट लहान करायचं उद्या सकाळीच ना? फाइलवर दिसलं म्हणून विचारलं. आई फॉर्म भरायला गेलीय वाटतं. माझीही आईच आली होती. अगं, सरकू नकोस, पुरते मला एवढी जागा. आता पुरते. अकरा महिन्यांपूर्वी ह्याच बाकावर बसले होते, तेव्हा लोक तासभर उभे राहिले पण शेजारी कुणी टेकलं नाही. तू बसू दिलंस, म्हणून बोलतेय. एरवी मी बोलत नाही. आमच्या घरी कुणाला सांगितलंस ना, की तुमची सून बाकावर बसून अनोळखी मुलीशी एवढं बोलली, तर म्हणतील दुसरीच कुणीतरी असेल.

तर पहिले पंधरा दिवस नुसतं पातळ. औषधाच्या बाटलीचं झाकण असतं ना छोटं, ते भरून पाणी, आणि तेही एका दमात नाही—घोट, थांबायचं, घोट, थांबायचं. घड्याळ घेऊन बसवतात. घटाघटा पाणी पिणं हेसुद्धा एक सुख होतं, हे मला तेव्हा कळलं. आज परवानगी आहे तोवर पिऊन घे. मग मऊ, गाळलेलं, मग कुस्करलेलं, मग हळूहळू आपल्यासारखं—पण पोट राहतं एका वाटीचं. भूक लागत नाही, हे खरं आहे. आठवण मात्र येते. ते कुणी सांगत नाही. गेलेल्या माणसाची यावी तशी भाताची आठवण येते, भर दुपारी, काही कारण नसताना. तिसऱ्या महिन्यात केस जातात. घाबरायचं नाही, परत येतात म्हणतात. थंडी वाजते, सगळे पंख्याखाली बसलेले असतात आणि तू आपली शाल शोधत असतेस. आणि कातडी उरते. दंडाला, पोटाला. माणूस निघून गेलं, गवसणी राहिली.

आणि गोळ्या. जन्मभर. ते फाइलच्या पान चारवर लिहिलंय बघ, ठळक अक्षरात. वाचलंस? परत वाच.

वाईट आहे असं मी म्हणत नाहीये हं. घाबरवतेय असं वाटलं का? ऑपरेशन चांगलंच झालं माझं. डॉक्टरांनी पाठ थोपटली होती. मीच त्या पोटाशी नीट वागले नाही. म्हणजे कसं—तुझंही बघायचं चाललंय का? स्थळं? वाटलंच मला. बरं, मग ऐक. माझी आई म्हणाली, कुणाला कळायला नको. विचारलंच कुणी तर पित्ताशयाचे खडे काढले म्हणायचं, खुणा तशाच असतात. ऑपरेशननंतर सातव्या महिन्यात लग्न लागलं. त्यांनी पाहिली ती ही मी, आता तुझ्यासमोर बसलेय ती. आधीची कुणी पाहिलीच नाही. जुने फोटो आईने गादीखाली घातलेत. ही अंगठी बघ, मापाची करून घेतली होती, आता आतून दोरा गुंडाळलाय.

सासूबाई वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुला वाटेल सासू म्हणजे सासू. तीस वर्षं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काढली त्यांनी. दोनशे ताटांत कुणी काय टाकलं ते सांगणारी बाई. तिच्यासमोर मी चार घास खाऊन हात धुवायचे. पहिल्या दिवशी म्हणाल्या, चव नाही का? दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, लाजू नकोस. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, सूनबाई, चिमणी बरी तुझ्यापेक्षा. चौथ्या दिवशी मी खाल्लं. काय करू? माया ती, वाढत राहते. दोन चमचे जास्त गेले की इथे, बरोब्बर इथे, दगड बसल्यासारखा—मग उठायचं, न्हाणीघरात जायचं, नळ सोडायचा. आवाज जाऊ नये म्हणून. सासरे आठवडाभर प्लंबरला बोलावत होते, की टाकी रिकामी कशी होते, गळते कुठे. गळत होते मी.

गोळ्या चपलांच्या कपाटामागे ठेवल्या होत्या. नणंदेला सापडल्या. वहिनी, ह्या कसल्या? म्हटलं, केसांसाठी. एवढ्या? मग बंदच केल्या. सोपं पडतं ना, एक प्रश्न कमी होतो.

तिनेच ऐकलं मग मला एक दिवस, नळाच्या आवाजातूनही. आणि ती काय घाबरली-बिबरली नाही हं—टाळ्या पिटत आईकडे पळाली. नवी नवरी सकाळी उठून ओकतेय म्हटल्यावर आणखी काय असणार! दुपारी ती पट्टी आणली तपासायची. माझी पाळीही आली नव्हती दोन महिने, असं होतं ह्यात, वजन उतरताना. पण मला क्षणभर वाटलं, खरंच असलं तर? डॉक्टरांनी बजावलं होतं, दीड वर्षं नाही म्हणजे नाही. तरी वाटलं. एकच रेघ आली. पाच मिनिटं बघत उभी राहिले, दुसरी काही उमटली नाही. पट्टी मुठीत दाबून दार उघडलं तर बाहेर बोळात चौघं उभे, आणि सासूबाईंच्या डोळ्यांत आधीच पाणी.

मी नाही म्हणाले का? नाही. हो म्हणाले का? तेही नाही. गप्प राहिले. मी गप्पच असते, सगळ्यांना ठाऊक आहे. नणंद म्हणाली, बघा, लाजली!

आणि तुला खरं सांगू? त्या दिवसापासून सुख लागलं. ओकायची मुभा मिळाली. ताटात टाकलं तरी कुणी बोलेना. राहू दे गं, आता असंच व्हायचं, म्हणायच्या. चिमणी नाही की काही नाही. नळही सोडावा लागेना. एवढ्या आरामात मी त्या घरात कधी ओकले नव्हते.

नवरा. हो, त्याचंच सांगायचं राहिलं. लिफ्ट दुरुस्त करतो तो. सासूबाईंसमोर अहो, खोलीत अरे. चांगला आहे. तोच तर त्रास आहे, वाईट असता तर फसवून मोकळी झाले असते. आल्या आल्या पोटावर हात ठेवतो, ह्या पाच खुणांवर, आणि आत कुणीतरी ऐकतंय असं समजून दिवसाचं सगळं सांगतो. आज सातव्या मजल्यावर एक आजी अडकली होती रे, पण तुझ्या बापाने काढली. आणि मी छताकडे बघत पडलेली. आत एक वाटी आहे, तीही रिकामी, हे त्याला कसं सांगायचं? तुला येईल सांगता?

पुढे काय ठरवलं होतं म्हणजे? काहीच नाही. पडलं म्हणून सांगेन, असं मनात येऊन गेलं. रडतील, मला गरम पाण्याच्या पिशव्या देतील. बघ कसली आहे मी. पण त्याआधी हे पाय सुरू झाले. आधी मुंग्या यायच्या, म्हटलं बसून बसून असेल. आता गुडघ्याखाली काही कळतच नाही. परवा रस्ता ओलांडला आणि मागून एक माणूस ओरडला, ताई, तुमची चप्पल! मधोमध पडली होती. मी अर्धा रस्ता अनवाणी चालले आणि मला पत्ता नाही. काल भांडी लावताना भिंत दोन-दोन दिसायला लागली. आहे, तेही पान चारवरच आहे—सतत उलट्या, पाय बधिर, दिसायला त्रास, तर लगेच या, वाट बघू नका. तारीख घालून सही केलीय मी त्याखाली.

नको, नर्सला हाक मारू नकोस. बस खाली. नंबर घेतलाय मी ह्याच डॉक्टरांचा, एकोणीस. आता सतरा आत आहे.

आज वर चौथ्या मजल्यावर सोनोग्राफी आहे. पहिली. सासूबाई सकाळीच येऊन रांग धरून बसल्यात, नणंदेने फोन चार्ज करून दिलाय, फोटो काढून पाठव म्हणून. नवरा गाडी लावायला गेलाय. मला म्हणाला, लिफ्टपाशी थांब. लिफ्ट ती तिथे, बघ, आणि डॉक्टरांचं हे दार इथे. वर गेले तर पडद्यावर काय दिसायचं ते सगळ्यांना एकदम दिसेल, मला तोंड उघडावं लागणार नाही. इथे गेले तर पाय वाचतील कदाचित, पण मग बोलावं लागेल. मी मघापासून तेच करतेय—मोजतेय. तू विचारलंस म्हणून, नाहीतर—

अठरा गेला का? इतक्यात?

आला तो. तो निळ्या शर्टातला, शोधतोय. हात नको करूस. बघितलं त्याने.

—आलास? मिळाली जागा? हो, लिफ्टपाशीच म्हणाला होतास. नाही, चुकून नाही बसले इथे. बस जरा. उचलू नकोस मला, बस. माहितीये, अकरा वाजलेत, आई थांबतील. ही? ही ओळखीची नाही. हिचं उद्या ऑपरेशन आहे, वजनाचं. मी तिला सांगत होते, नंतर काय काय होतं ते. मला कसं ठाऊक म्हणजे—

हो सिस्टर, एकोणीस मीच. आले. एकच मिनिट.

अगं, तू सांग ना ह्याला. मी जे सांगितलं तेच सांग, जसंच्या तसं. मला नाही जमायचं, मघाशी जमलं कारण तू कुणीच नव्हतीस. खाली काय बघतेस? एवढा वेळ मी बोलले ना? आता तू बोल.

बोल ना गं.