तेवीस थांबे

चुआंग : नाही, आत येत नाही. आधी इथं दारातच सांग, तू धड आहेस ना?

पेइशान : चुआंगकाका! तुम्ही... तुम्ही इथं कसे?

चुआंग : रंगांचे नमुने टपालानं पाठवले होतेस, त्या पाकिटावर पत्ता होता. दोन बस बदलून आलो. धड आहेस ना, ते सांग.

पेइशान : हो. मनगटाला पट्टा बांधलाय, एवढंच.

चुआंग : जीव भांड्यात पडला बघ. सहा आठवडे तुझा पत्ता नाही. सूनबाई म्हणाली, बाबा, तुमची चित्रकार पळाली. म्हटलं, पळेल कशाला? एकटी राहते, न्हाणीत पाय घसरून पडली-बिडली असेल. हा टर्की-भात धर. गरम आहे अजून.

पेइशान : काका, मला तुमच्याकडं बघवत नाहीये. आत या ना. चपला इथं काढा, तिथं नको, तिथं रंग सांडलाय.

चुआंग : आठ आठवडे म्हणाली होतीस. मी काही मोजत नव्हतो हं. सूनबाई मोजत होती.

पेइशान : चौदावा चालू आहे. मी मोजतेय.

चुआंग : मग कळवायचं नाही?

पेइशान : रोज ठरवायचे. म्हणायचे, आज चित्रातला एक तरी बसथांबा पुरा होऊ दे, त्याचा फोटो काढून पाठवते. रिकाम्या हातानं काय लिहायचं? पहिला आठवडा गेला तेव्हा छोटीशी माफी मागून भागलं असतं. दुसरा गेला, माफी मोठी झाली. शेवटी ती एवढी मोठी झाली काका, की नुसती लिहायलाच मला आठवडा लागला असता.

चुआंग : मी रोज सकाळी निरोप धाडत होतो.

पेइशान : निरोप कुठं? कमळाची फुलं येत होती. ‘सुप्रभात, मन शांत तर दिवस शांत.’

चुआंग : तोच निरोप.

पेइशान : अहो, मला वाटलं तुम्ही सगळ्यांनाच पाठवता! माझे मामा चाळीस जणांना पाठवतात.

चुआंग : मी एकट्या तुलाच पाठवत होतो. कमळानं भागेना, तेव्हा ‘जेवलीस का’ असंही लिहिलं. तीनदा.

पेइशान : ते वाचलं. वाचून आणखीच लाज वाटली. म्हटलं, किती भला माणूस, माझ्या जेवणाची चौकशी करतोय, चित्राचं नावसुद्धा काढत नाही.

चुआंग : नाव कसं काढणार? काम करणाऱ्याच्या डोक्यावर बसू नये माणसानं. बरं, आता आलोच आहे तर विचारतो. झालंय किती?

पेइशान : खरं सांगू? नवव्या आठवड्यात पूर्ण झालं होतं.

चुआंग : पूर्ण?

पेइशान : तेवीसच्या तेवीस थांबे. चिकटवून, गुंडाळून, नळीत घालून ठेवलं होतं. मग वाटलं, शेवटच्या थांब्याशी भूमिदेवाचं देऊळ आहे, त्याचं छप्पर लाल की नारिंगी, एकदा डोळ्यांनी बघून यावं. तोवर सगळं फोटोंवरूनच काढलं होतं ना मी. तुमच्याच रस्त्याच्या बसमध्ये बसले, तुमच्या जागेवर आता जो तरुण चालक आहे त्याच्या. अगदी पुढची जागा मिळाली. आणि सहाव्या वळणावर माझं तोंड उतरलं.

चुआंग : मळमळलं?

पेइशान : नाही हो. माझं चित्र आठवलं. टपालाच्या तिकिटांसारखी चित्रं काढून ठेवली होती मी. सुंदर, सपाट. रस्ता कुठं वळतच नव्हता. पहिल्या दिवशी तुम्ही काय म्हणाला होतात? ‘चालकाच्या काचेतून दिसतो तसा हवा.’ मी ते वहीत लिहून घेतलं आणि साफ विसरले. घरी आले, ते भेंडोळं कपाटावर टाकलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. सहा दिवस वर गेले. प्रत्येक थांब्यावर उतरायचं, पुढची बस येईपर्यंत तिथंच बसून काढायचं.

चुआंग : पुढची बस म्हणजे तीन तास.

पेइशान : तीन तास. एका थांब्यावर माझ्याबरोबर फक्त एक बदक होतं.

चुआंग : पोरी, एक बोलू? ते पहिलं चित्र नवव्या आठवड्यात माझ्यापुढं ठेवायला हवं होतंस.

पेइशान : पण ते चांगलं नव्हतं काका.

चुआंग : नसेल. ‘असं असं झालंय, हे घ्या, नाहीतर आणखी इतके दिवस थांबा,’ एवढं विचारायचं होतंस. थांबायचं की नाही, ते मी ठरवलं असतं.

पेइशान : पण तुम्हीच लिहिलं होतं, हे बघा, अजून आहे फोनमध्ये : ‘सावकाश होऊ दे, काही घाई नाही.’

चुआंग : माणूस तसं म्हणतोच.

पेइशान : म्हणजे घाई होती? काका?

चुआंग : चित्र माझ्यासाठी नाहीये. माझ्या ताईसाठी आहे. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा, ती अकराची. पाठीला बांधून चहाच्या मळ्यात न्यायची मला. पुढं मी चालक झालो, तेव्हा दर गुरुवारी ती माझ्याच बसनं खाली बाजारात यायची, बांबूचे कोंब विकायला. एकोणीस वर्षं. आणि एकदाही तिनं रस्ता पाहिला नाही.

पेइशान : म्हणजे?

चुआंग : वळणं सोसायची नाहीत तिला. बसली की तोंडात सुकं आलूबुखार धरायची, डोळे गच्च मिटायची, ते बाजार आल्यावरच उघडायची. मी म्हणायचो, ताई, बघ, दरीत ढग उतरलेत. ती म्हणायची, तू पुढं बघ.

पेइशान : थांबा, थांबा. गुरुवारी? थांब्यांच्या खांबांवर खडूनं लिहिलेलं ते तुम्ही? ‘गुरुवारी सात मिनिटं उशिरा’?

चुआंग : अजून आहे ते?

पेइशान : चौदाव्या थांब्यावर पुसट दिसतं. तिथल्या आजीला विचारलं, तर म्हणाली, जुना चालक लिहायचा, दर महिन्याला नव्यानं. कारण कोणाला ठाऊक नाही. पण गुरुवारी सगळे सात मिनिटं उशिरा घरातून निघायचे, कोणी कुरकुरलं नाही.

चुआंग : ताई बसमध्ये असली की वळणं हळू घ्यायचो. सात मिनिटं जास्त लागायची. थंडीत लोकांना उगाच उभं कशाला करायचं?

पेइशान : आणि आता ताईंना काय झालंय?

चुआंग : काचबिंदू. कडेकडेची नजर गेली. नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसतं आणि ते भोकही बारीक होत चाललंय. डॉक्टर म्हणाले, नववर्षापर्यंत धरून चाला, पुढचं सांगता येत नाही.

पेइशान : नववर्षाला दहा आठवडे राहिलेत! काका, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?

चुआंग : सांगितलं असतं तर दया येऊन काढलं असतंस. रडक्या डोळ्यांनी काढलेला रस्ता नको होता मला.

पेइशान : दया कसली हो, तारीख! मला तारीख हवी होती! तारीख कळली असती तर फोटोंवर विसंबलेच नसते, पहिल्याच आठवड्यात वर गेले असते. मध्ये एका उपाहारगृहाच्या भिंतीचं काम घेतलं, ते घेतलं नसतं.

चुआंग : हं. म्हणजे सूनबाईनं आपल्या दोघांचीही तक्रार लिहायला हवी.

पेइशान : लिहिली की काय?

चुआंग : लिहून ठेवलीय. पाठवायचं बटण मी दाबू दिलं नाही. ते असो. जे झालंय ते दाखव.

पेइशान : या, खिडकीपाशी या. सोळा झालेत. कागद सुटेच ठेवलेत, एकामागून एक बघा. हा दगडी पूल... हा बांबूचा कोपरा... ही तीन कापूरझाडं.

चुआंग : थांब.

पेइशान : आवडलं नाही?

चुआंग : इथं मी दुसऱ्या गिअरमध्ये यायचो.

पेइशान : म्हणून तर पहिलं झाड तिरकं आहे. बस वळताना ते तसंच अंगावर येतं.

चुआंग : येतं. एकोणतीस वर्षं यायचं माझ्या अंगावर. आणि हे इथं काळं काय आहे? कुत्रं?

पेइशान : रस्त्याच्या मधोमध झोपतं. नवा चालकसुद्धा त्याला वळसा घालून जातो.

चुआंग : ह्याच्या बापालाही मी वळसा घालायचो. पोरी... काचेवरचं धुकंसुद्धा काढलंस गं. खालच्या डाव्या कोपऱ्यात. तिथलं कधी पुसलंच जायचं नाही. तुला कोणी सांगितलं?

पेइशान : कोणी नाही. सहा दिवस बघत होते ना.

चुआंग : मी हा रस्ता रोज दोनदा पाहिलाय. आज कुणीतरी मला तो परत दाखवला. कपाटावर टाकलंस ते बरं केलंस. हे मी बोललो, सूनबाईला सांगू नकोस.

पेइशान : सात राहिलेत. गोड बोलत नाही, खरं सांगते. मनगटामुळं एका थांब्याला पाच दिवस. म्हणजे पस्तीस. नाहीतर नुसत्या रेघा आणि हलके रंग भरून दहा दिवसांत सगळं देते. पण ते असं होणार नाही. तुम्ही म्हणाल तसं.

चुआंग : मी कोण म्हणणारा? डोळे तिचे आहेत. तिलाच विचारू.

पेइशान : त्यांना ठाऊक आहे?

चुआंग : नाही. ... बघतेस काय? तिलाही सांगितलं नाही मी. थांब, फोन लावतो. आवाज मोठा करतो, तूही ऐक.

ग्योकताई : काय रे आ-फा, भरदुपारी फोन? कोण गेलं?

चुआंग : कोणी गेलं नाही. ताई, मी तुझ्यासाठी एक चित्र काढायला दिलंय. आपल्या बसच्या रस्त्याचं.

ग्योकताई : कशाला?

चुआंग : तू कधी पाहिला नाहीस म्हणून.

ग्योकताई : आणि हे आज सांगतोस?

चुआंग : एकदम समोर ठेवून धक्का देणार होतो.

ग्योकताई : अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी धक्के देऊ नयेत रे बाबा. नुसतं सांगावं. चार दिवस वाट बघण्यातही मजा असते, ती तू एकट्यानंच खाल्लीस. कोण काढतंय?

पेइशान : मी, ताई. पेइशान नाव माझं. उशीर माझ्यामुळं झालाय. दहा दिवसांत घाईचं मिळेल, नाहीतर पस्तीस दिवसांत नीट.

ग्योकताई : आतापर्यंत किती झालंय?

पेइशान : तेविसातले सोळा थांबे.

ग्योकताई : मग ते सोळा घरात ठेवून काय लोणचं घालणार आहात? धाडून द्या की. मला एका वेळी बशीएवढंच दिसतं. एक चित्र बघायला दोन दिवस लागतील. माझं सोळावं बघून होईस्तोवर तुझं तेविसावं होईल.

पेइशान : असं... असं मला सुचलंच नाही.

ग्योकताई : सुचेल कसं? तो कमळं धाडत बसला असेल. मलाही धाडतो.

चुआंग : तुला वेगळी धाडतो.

ग्योकताई : आ-फा, चित्रं तू स्वतः घेऊन ये. आणि पोरी, घाईचं नको. पण मध्ये काही अडलं तर सांग, म्हणजे मी माझा वेग धरीन.

पेइशान : दर रविवारी लिहीन. काहीच झालं नसेल, तर काही झालं नाही असंही लिहीन.

ग्योकताई : तेच खरं कामाचं. ठेवते आता. चुलीवर कोंब आहेत.

(सहा आठवड्यांनंतर, एका सकाळी. वरच्या गावात, ग्योकताईंच्या ओसरीवर.)

पेइशान : चार दिवस उशीर झाला ताई.

ग्योकताई : ठाऊक आहे. रविवारी लिहिलं होतंस ना, विसाव्या थांब्याचा पाऊस जमत नाही म्हणून. आ-फानं वाचून दाखवलं. मी पंधरावं पुन्हा एकदा बघत बसले.

चुआंग : ताई, खुर्ची उजेडाकडं घे. हं. हे शेवटचं. तेविसावं.

ग्योकताई : हात काढ. मी माझी हळूहळू जाते. ही दरी का?

चुआंग : दरी. कठड्यापलीकडं.

ग्योकताई : आणि बस इतकी कडेला?

चुआंग : रस्ताच तेवढा आहे.

ग्योकताई : एवढ्याशा जागेतून नेत होतास मला, एकोणीस वर्षं? आणि तोंडानं गाणी म्हणत होतास! मी आपली बसल्या बसल्या म्हणायचे, चालवतोय काय नि गातोय काय.

चुआंग : तू घाबरू नयेस म्हणून गायचो.

ग्योकताई : बरं झालं डोळे मिटले होते. उघडे असते तर तुझ्या जिवाला घोर लावला असता. पोरी, हे ढग तू खरेच पाहिलेस?

पेइशान : तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी आले.

ग्योकताई : आणि तू बसून राहिलीस.

पेइशान : हो.

ग्योकताई : आ-फा, ह्या पोरीला जेवल्याशिवाय सोडायची नाही. ... हे लाल काय आहे? छप्पर?

पेइशान : भूमिदेवाचं देऊळ. छप्पर नारिंगीच निघालं, पण पावसात ओलं झालं की लाल दिसतं. मी ओलं काढलं.

ग्योकताई : बरोबर काढलंस. ओलंच असतं ते. मग इथं थांब्याचा खांब. इथं आमच्या घराकडची पायवाट.

चुआंग : अजून थोडं उजवीकडं आहे ताई. कागद सरकवू?

ग्योकताई : नको. इथून पुढचं मला पाठ आहे.