घरी कोण शिकवणार?

(शाळा सुटल्यानंतरचा पहिलीचा वर्ग. टिकलीचे आईबाबा मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे मुडपून बसले आहेत, समोर वर्गाच्या बाई. टिकली बाहेर मैदानावर खेळते आहे.)

बाबा: ...म्हणून म्हटलं, सरळ शाळेतून काढावं आणि घरीच शिकवावं. राग मानू नका, बाई. पण पोरगी रस्त्यानं जाताना गाड्यांच्या नंबरांचे गुणाकार करते, आणि इथे तुम्ही तिला फळं रंगवायला देता!

बाई: राग कसला? टिकली हुशार आहे, हे मलाही दिसतं. परवा फळ्यावर माझीच चूक काढली तिनं. बरोबर काढली.

बाबा: बघा! मी तेच म्हणतोय.

बाई: पण घरी शिकवणार कोण?

बाबा: ही आहे ना. दिवसभर घरीच असते. टाइमटेबल मी आखून देतो, अवघड ते रविवारी मी घेईन. बाकीचं किरकोळ ही बघेल.

बाई: तुम्हाला काय वाटतं, टिकलीच्या आई?

बाबा: तिचं काही म्हणणं नाही. आमचं बोलणं झालंय.

बाई: मी त्यांना विचारलं.

आई: हो... म्हणजे, हे म्हणतात तसंच.

बाई: बरं. मग एक गोष्ट कानावर घालते. त्यासाठी मी तुम्हाला बोलावणारच होते. टिकलीच्या शेजारी बसते ना, ती मुलगी बोट ठेवून, अडखळत वाचते. काल ती वाचायला उभी होती. टिकलीनं तिच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं. म्हणाली, "आण इकडे. तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही." सगळा वर्ग हसला. आज ती पोर वाचायला उभीच राहिली नाही.

बाबा: अरेरे! पण बघा, असलं बोलणं ती इथेच उचलते. नाही नाही तसली मुलं येतात वर्गात. घरी ठेवायला आणखी एक कारण झालं.

आई: "आण इकडे" म्हणाली?

बाई: हो.

आई: कपाळाला आठी घालून? हात असा पुढे करून?

बाई: ...हो. अगदी तसाच.

आई: मग ते इथलं नाही, बाई. आमच्या घरचं आहे.

बाबा: काहीतरीच काय बोलतेस! तुला काय—

आई: बोला ना. का थांबलात?

बाई: पाणी देऊ का कुणाला?

बाबा: अगं, मस्करी असते ती. घरात माणूस बोलतो असं.

आई: परवा मी मोबाईलवर गॅसचा नंबर लावत होते. तुम्ही हातातून मोबाईल काढून घेतलात. टिकली हसली, तुम्ही हसलात. मग मीही हसले. त्याचीच लाज वाटते मला, बाई. मी कशाला हसले? पोरीला वाटलं, आईला चालतं.

बाबा: हे घरी बोलली असतीस तर...

आई: घरी मी बोलायला लागले की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता.

बाई: मी जरा बाहेर जाऊन येते.

बाबा: नको, बसा. खरंय तिचं. तुमच्याकडे वर बघायचीसुद्धा लाज वाटतेय मला.

बाई: माझ्याकडे कशाला बघताय? मी कोण?

आई: शिकवायला माझी ना नाही हो. पहिली-दुसरीचं मला येतं, पुढचं वाचून घेईन. पण ती ऐकेल का माझं? काल गणितं घालायला बसले, तर म्हणते, "तू राहू दे, बाबा आल्यावर बघतील." सहा वर्षांची पोर! मी उठले आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसले.

बाबा: मला का नाही सांगितलंस?

आई: काय सांगू? तुम्ही तिची पाठ थोपटली असतीत.

बाई: आली बघा ती.

टिकली: बाबा, झालं का? उद्यापासून मी घरीच ना?

बाबा: ते... आईला विचार, बाळा. आई ठरवेल.

टिकली: तिला कशाला विचारायचं? तुम्ही सांगा ना.