सुधीरला रायफल विकताना घेतलेली काळजी

...आणि वर बायको मलाच म्हणते, अहो, तुम्ही खुनशी आहात. आता तुम्हीच सांगा, दुसऱ्या देशाच्या नागरिकाला आपली रायफल विकताना माणसाने चार कागद जास्त मागितले, तर तो काय खुनशीपणा झाला? मी सूड घेत नव्हतो हो, मी फक्त काळजी घेत होतो.

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल जर्मनीत इंगोलश्टाटमध्ये बसून हा विष्णू घैसास बंदुकांची तस्करी करतो. मी गाडीच्या सीटखालचे रूळ डिझाइन करतो, एकोणीस वर्षं झाली, त्यात कसली आलीय तस्करी. पण आमच्याकडे नेमबाजीचा एक क्लब आहे, श्युट्झनफेराइन, म्हणजे आपल्याकडे तालीम असते ना तसंच, फक्त दंड-बैठकांच्या जागी बिअर. तिथे मी बारा वर्षं नेम धरला. रीतसर परीक्षा, रीतसर परवाना, पिवळं कार्ड असतं त्याचं, घरात भिंतीला ठोकलेली लोखंडी तिजोरी आणि तिजोरीत माझी रायफल. डावखुरी. मी डावखुरा, म्हणून तीही डावखुरी, मुद्दाम घडवून घेतलेली. मग माझा खांदा धरला. डॉक्टर म्हणाला, "हेर गाइझास, खांदा नाहीतर रायफल, एक काय ते ठरवा." ठरवलं. विकायची.

आता अख्ख्या क्लबात माझ्याशिवाय डावखुरा माणूस एकच. सुधीर हुपरीकर. आणि सुधीरचं नाव काढलं की माझं काय होतं, ते सांगायलाच हवं.

तीन वर्षांपूर्वी मी जर्मन नागरिकत्व घेतलं. भारताचा पासपोर्ट परत केला, नवे कागद अजून हातात पडायचे होते, आणि नेमके तेव्हाच वाईला माझे वडील गेले. हा दाखला, तो शिक्का, मग व्हिसा... मी पोचलो आठव्या दिवशी. भावाने सगळं उरकलं होतं. परत आलो तर इथला गणपती. हॉलमध्ये चाळीस माणसं, माझ्या हातात आरतीचं ताट, आणि हा सुधीर सगळ्यांदेखत म्हणतो, "काय घैसास, आरती जर्मनमध्ये म्हणणार का? नाही, आता तुम्हाला वडिलांना पोचवायलाही व्हिसा लागतो, म्हणून विचारलं." लोक हसले. सगळे नाही, अकरा जण. कोण कोण ते मला ठाऊक आहे. बायको, म्हणजे प्रभा, म्हणाली, अहो, तो आपला गमतीने बोलला. असेल. मी आरती म्हटली, मोदक खाल्ला आणि ते वाक्य जपून ठेवलं.

आणि या एप्रिलमध्ये तोच माणूस पिवळं कार्ड घेऊन माझ्या दारात. "घैसास, रायफल विकताय म्हणे. मी डावखुरा आहे."

कायदा काय म्हणतो? समोरच्याचा मूळ परवाना बघा, ओळखपत्र बघा, वस्तू द्या आणि दोन आठवड्यांत शस्त्रखात्याला कळवा. चहा गार व्हायच्या आत उरकणारं काम. मला माहीत होतं. पण त्याने ओळखपत्र म्हणून समोर ठेवला भारतीय पासपोर्ट, आणि तुम्हाला सांगतो, तीन वर्षांत पहिल्यांदा माझा खांदा दुखायचा थांबला. मी म्हटलं, "सुधीर, तू पडलास आउसलेंडर. परदेशी नागरिक. मला जपून वागायला हवं बाबा. उद्या काही झालं तर विचारणार कोणाला? मला." म्हणजे राहण्याचा परवाना आण, पत्त्याचा दाखला आण, तुझ्या तिजोरीचं प्रमाणपत्र आण, तू नियमित सरावाला येतोस असं क्लबचं पत्र आण. यातला एकही कागद मला लागत नव्हता. पण मी सूड घेत नव्हतो, मी फक्त काळजी घेत होतो.

आठ दिवसांत घेऊन आला. प्लास्टिकच्या पाकिटांत, पानांवर आकडे घालून. मला जरा वाईटच वाटलं, म्हणजे इतक्या लवकर आणले म्हणून. मग मी कायदा पुन्हा वाचला. पाच वर्षं इथे सलग राहिलेला नसेल, तर परवाना द्यायला खातं नकार देऊ शकतं. आता सुधीर इथे सात वर्षं आहे, पण मधे आठ महिने कंपनीने त्याला चाकणला पाठवलं होतं. "सलग कसं म्हणायचं रे?" त्याने कंपनीचं पत्र आणलं. मग मला दिसलं की एका कार्डावर त्याच्या नावात आय आहे आणि दुसऱ्यावर डबल ई. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हा सुधीर आणि हा सुधीऽर एकच, हे मी कशावरून धरायचं? मूळ जन्मदाखला लागेल."

त्याने दोन्ही कार्डं पाकिटात परत घातली. मग म्हणाला, "तो इचलकरंजीच्या पालिकेत आहे. जुनी नोंद आहे, ऑनलाइन मिळत नाही. स्वतः जावं लागेल."

मी म्हटलं, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. एकोणीस वर्षं हा शब्द वापरतोय, पण असा गोड कधी लागला नव्हता. गेला बिचारा, जूनमध्ये, उन्हाळ्याची रजा मोडून.

तो तिकडे असताना मी काय केलं? शस्त्रखात्यातल्या फ्राऊ त्सिलिंगर बाईंना ईमेल. याचा परवाना खरंच चालू आहे ना? उत्तर आलं, चालू आहे, विकू शकता. दुसरा ईमेल, ते आठ महिन्यांचं काय? उत्तर आलं, हरकत नाही, विकू शकता. मग तिसरा. हा माणूस तिजोरीची किल्ली कुठे ठेवतो, हे आपण कधी तपासलं आहे का? यावर एकच ओळ आली. सूचनेबद्दल आभार, तपासून घेऊ. त्या दिवशी मी श्रीखंड दोनदा वाढून घेतलं. प्रभा म्हणाली, अहो, पुरे आता. मी म्हटलं, मी सूड घेत नाहीये, मी काळजी घेतोय. ती म्हणाली, मी श्रीखंडाचं म्हणतेय.

जुलैत सुधीर परतला, आणि पुढच्याच गुरुवारी सकाळी अकराला माझी होम ऑफिसची मीटिंग चालू असताना बेल वाजली. दारात फ्राऊ त्सिलिंगर, सोबत एक उंच गृहस्थ. काल हुपरीकरांकडे जाऊन आलो, म्हणाल्या, त्यांच्या तिजोरीला आकड्यांचं कुलूप आहे, सगळं व्यवस्थित. "आल्झो, रायफल सध्या तुमच्या ताब्यात आहे, तर इथलंही बघून घेऊ." मी म्हटलं, या ना. तिजोरी दाखवली. छान. कागद दाखवले. छान. "आणि किल्ली?"

आता नियम असा, की किल्लीही तिजोरीइतक्याच भक्कम जागी कुलपात हवी आणि ती घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती लागता कामा नये. मला नियम माहीत नव्हता का? क्लबात त्यावर भाषण दिलंय मी. मी आपला आठवल्यासारखा चेहरा करून उभा. तेवढ्यात स्वयंपाकघरातून प्रभा आली, शिकवणीतल्या जर्मनमध्ये म्हणाली, "किल्ली ना? एक मिनिट हं," आणि पोह्यांचा डबा घेऊन आली. कोपरापर्यंत हात घातला, किल्ली काढली, पोहे फुंकले आणि ती फ्राऊ त्सिलिंगरच्या हातावर ठेवली. वर विचारते, पोहे खाणार का.

तीन आठवड्यांनी पत्र. आपण शस्त्र बाळगायला विश्वासार्ह वाटत नाही, परवाना रद्द, चार आठवड्यांत रायफल परवानाधारकाच्या ताब्यात देऊन पुरावा पाठवावा. इथला बंदुकांचा दुकानदार म्हणाला, डावखुरी? नको. म्युनिकचा म्हणाला, नको. क्लबात सगळे उजवे. राहिला कोण? ज्याचा प्रत्येक कागद शिक्क्यासकट, भाषांतरासकट तयार होता. मीच तयार करून घेतला होता.

आला. मी पोह्यांचं सगळं सांगितलं. तिसऱ्या ईमेलचंही सांगितलं, म्हटलं आता लपवायचं काय. हसला नाही हो. तो हसला असता तर बरं झालं असतं, बारावं नाव म्हणून धरला असता. त्याने रायफल कुलपाच्या पेटीत ठेवली, प्रभाने दिलेला चहा घेतला, आणि कपाकडे बघत म्हणाला, "घैसास, गणपतीत मी बोललो ते बोलायला नको होतं. आत्ता तिकडे पालिकेने रोज उद्या या, उद्या या केलं. दाखल्यापायी अकरा दिवस घरी राहिलो, बाबांजवळ. ते थकलेत खूप. रोज सकाळी मी त्यांची दाढी करून द्यायचो. इतका सलग मी कॉलेजनंतर राहिलोच नव्हतो. तुम्ही तो कागद मागितला नसता, तर गेलोही नसतो."

मी म्हटलं, बरं झालं. दारापर्यंत सोडायला गेलो. पेटी उचलायला हात लावणार होतो, तर म्हणाला, राहू द्या, तुमच्याकडे परवाना नाही.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर राग धरायचा तरी कसा? पण मी सोडलेलं नाही. रोज सकाळी चहा झाला की दहा मिनिटं प्रयत्न करतो.