लाभाची मूठ आणि डोहाचा दोर

बाळगोपाळांनो, पुढं सरका! अगदी पुढं, मृदंगाला हात लागेल इतकं पुढं — पण लावू नका हं, बुवा रागावतात! मोठ्या मंडळींनो, तुम्ही खुशाल भिंतीला टेका. झोप आली तर घोरू नका, एवढंच मागणं.

आता लहानांनी डोळे मिटा. मिटले? कल्पना करा — समोर डोह आहे. हिरवंगार पाणी, तळ दिसत नाही. तुम्ही काठावर उभे. कमरेला दोर बांधलाय, दोराचं दुसरं टोक आजोबांच्या हातात. उडी मारायचीय! आता सांगा — उडीच्या आधी आजोबांनी त्या दोराला एक हिसका देऊन पाहिला, तर दोर वळणाऱ्याचा अपमान झाला का?

"नाही!" कोण म्हणालं ते? शाबास! मागची मोठी माणसं एकमेकांकडं बघतायत बघा. त्यांना कळलंय, बुवा आता कुठं नेणार ते.

तर मंडळी, आजचा सवाल एवढाच: चांगल्या माणसाचं काम तपासून बघणं — हा त्याचा अपमान, की त्याचा मान? उत्तर मी देत नाही. गोष्ट देईल.

चंदनखोरं नावाचं एक राज्य होतं. डोंगरांच्या ओंजळीत बसेल एवढं. मधे एक मोठं गाव, भोवती कड्यांवर पसरलेल्या वाड्या. तिथला राजा निपुत्रिक. जाताना म्हणाला, "माझ्यामागं राजा नको. लोकांनी कारभारी निवडावा." तेव्हापासून तिथं निवडणूक! शाई नव्हती, यंत्र नव्हतं — होता चिंचोका! ज्यानं त्यानं पडद्यामागं जायचं, एक चिंचोका आपल्या माणसाच्या घड्यात टाकायचा. टुक! झालं मत.

कारभारी होते कोंडाजीबाबा. माणूस कसा? तर शेजाऱ्याच्या गाईनं त्यांचं शेत खाल्लं, तर तिला पाणी पाजून घरी पोचवणारा! त्यांची नात ठकू. नाव ठकू, पण ठकणारी नव्हे! दहा वर्षांची, जिभेला हाड नाही. आजोबा तिला डोहात पोहायला शिकवायचे. दोर घरच्या अंबाडीचा, स्वतः बाबांनीच वळलेला. तरी रोज उडीच्या आधी हिसका! एकदा ठकूनं विचारलंच —

"आजोबा, दोर तुम्हीच वळता ना?"

"हो गं."

"मग तुमचा तुमच्यावरच भरवसा नाही?"

म्हातारा हसला. "भरवसा आहे गं पोरी. पण दोराच्या टोकाला तू असतेस!"

मंडळी, हे वाक्य पदराला बांधा. पुढं लागणार आहे.

निवडणूक आली. बाबांच्या समोर उभा राहिला बहिर्जी. वाड्यांवरचा तरणाबांड गडी, आवाज असा की पलीकडच्या डोंगरानं ओ द्यावी! म्हणायचा, "कोंडाजीबाबा देवमाणूस, पण देव आमच्या वाडीपर्यंत येत नाही! ओढ्यावर साकव कधी बांधणार?" बाबांना ते लागायचं. साकवाची लाकडं त्यांनी तोडून ठेवली होती, बांधायचंच राहिलं होतं. आणखी एकदा कारभार मिळावा आणि तो साकव आपल्याच हातून व्हावा, एवढीच त्यांची इच्छा. 

गावाचे आणि वाडीवाडीचे वेगवेगळे घडे चावडीत आले, मोजणी तिथंच. मोजणार कोण? येसाजी मापारी. आयुष्य खळ्यावर धान्य मोजण्यात गेलेलं, चार दाणे सांडले तरी वेचून मालकाच्या राशीत टाकणारा माणूस. दोन्ही बाजूंची माणसं डोळ्यांत तेल घालून बसली. पहिला घडा उपडा झाला आणि येसाजीनं आवाज दिला — "लाभ!" 

आता लहानांना सांगतो. खळ्यावर मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार! पहिलाच शब्द गोड. तर येसाजी म्हणाला "लाभ!" आणि सगळ्या चावडीनं हात जोडले. घड्यामागून घडा मोजला गेला. निकाल लागला — कोंडाजीबाबा जिंकले! कितीनं? ओंजळभर चिंचोक्यांनी!

गुलाल उधळला! हलगी कडाडली! आणि त्या गुलालातून वाट काढत पुढं आली वरच्या वाडीची सोनाई. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, आमच्या वाडीत मानसं चाळीस. चाळीसच्या चाळीस जाऊन टाकून आली, म्या सवता बघितलं. मग चिंचोके पंचवीस कसं? बाकीची काय माकडांनी खाल्ली?"

कुणी हसलं. बहिर्जी हसला नाही. डोंगराला ओ द्यायला लावणारा तो आवाज चावडीत घुमला — "मापारी चोर! आणि चोराच्या जिवावर बसलेला कारभारी..." पुढचा शब्द त्यानं गिळला. पण मंडळी, गिळलेला शब्द जास्त ऐकू येतो!

येसाजीनं मान खाली घातली. कोंडाजीबाबांचा चेहरा पांढरा फटक. म्हाताऱ्याच्या मनात काय उठलं असेल? 'केस पांढरे केले यांच्यासाठी, आणि हे माझं मोजणार?' घरी आले. जेवले नाहीत. पुतण्या रंगोजी तावातावानं आला.

"काका, ऐकून घेऊ नका! जिंकलेल्यानंच तपास मागायचा, म्हणजे आपल्या पानात आपणच खडा टाकायचा! झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"पण सोनाई खोटं बोलत नाही रे."

"मग येसाजी खोटं बोलतो?"

"तोही नाही."

"मग झालं तर! दोघं खरे, तुम्ही जिंकलेले. बसा गप!"

किती सोपं, नाही का मंडळी? दोघं खरे, आपण जिंकलेले, बसा गप! आपल्या घरात चालतं की हे. पावतीवर वाण्यानं आपल्याकडून कमी घेतलं, तर आपण किती पटकन गप्प बसतो! ...हसताय? बरं.

बाबा उठले, डोहावर गेले. मागोमाग ठकू, खांद्यावर दोर. रस्त्यानं पोरांनी तिला चिडवलं होतं, 'चोराची नात, चोराची नात.' तिनं ते सांगितलं नाही. डोळे पुसले, दोर कमरेला बांधला, टोक आजोबांच्या हातात दिलं. बाबांचं लक्षच नव्हतं. दोर तसाच लोंबत राहिला.

"आजोबा! हिसका?"

"आं? हो, हो." त्यांनी हिसका दिला.

ठकूनं उडी मारली नाही. ती वळली. "आजोबा, मोजणीच्या टोकाला कोण असतं?"

बाबांनी दोराच्या टोकाकडं पाहिलं. मोजणीच्या टोकाला कोण? सोनाई. तिची चाळीस माणसं. पावसाळ्यात ओढा फुगला की पलीकडं अडकणारी लेकरं. एका चिंचोक्याच्या भरवशावर त्यांनी आपला जीव दुसऱ्याच्या हाती दिलेला! आणि आपण? आपण दोर वळणाऱ्याच्या मानापमानाचा विचार करत बसलो!

दुसऱ्या दिवशी सभा. बाबा उभे राहिले. म्हणाले, "मला कायदा करायचाय. निवडणूक झाली, की दर वेळी निकालाचा पडताळा! कुणी तक्रार केली तरी, नाही केली तरी. पडताळणारे बाहेरचे — जिंकलेल्याचे सोयरे नकोत, हरलेल्याचे मैतर नकोत. त्यांनी जे पाहिलं, ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं. आणि सुरुवात माझ्या निकालापासून!"

कालवा उठला! रंगोजी ओरडला, "बाहेरचे कशाला? दोन्हीकडची माणसं बसली होती की मोजणीला! त्यांना काही दिसलं नाही, ते परक्यांना दिसणार?"

"नाही दिसलं, तर माझंच नाव निघेल," बाबा म्हणाले. "बघू दे की."

"आणि दर वेळी कशाला? संशय आला तर बघू!"

कोपऱ्यातून सोनाई म्हणाली, "संशय आल्यावर बघायचं म्हंजी कुनाला तरी चोर म्हनून बघायचं. दर येळी बघितलं, तर कुनाचंच त्वांड काळं व्हत न्हाई."

मग एकेक हात वर गेला. कायदा झाला!

घाटापलीकडच्या निराळ्या राज्यातून तिघं आले. त्यांतले मुख्य नागेशपंत, शाळेतून निवृत्त झालेले, दोन्ही कानांनी ठार बहिरे! लोक खाली मान घालून हसले. 'हे पडताळणार!' पंतांनी ते ऐकलं नाही, हे बरंच झालं. बहिरेपणाचे फायदे असतात, मंडळी. माझं कीर्तन ऐकून ऐकून आमच्या घरच्या मंडळींना ते पटलंय!

पंत म्हणाले, "घडे जसे आहेत तसे राहू द्या. आधी मापाऱ्यानं मोजून दाखवावं. ज्या हातानं मोजलं, त्याच हातानं."

येसाजी बसला. नवा घडा, नवे चिंचोके. उपडा केला. डोळे मिटून आवाज दिला — "लाभ!" सगळ्या चावडीनं हात जोडले. "दोन! तीन! चार!"

"थांबा!" पंत ओरडले. "ती पहिली मूठ कुठं गेली?"

"कुठली मूठ?" येसाजी म्हणाला.

"कुठली मूठ?" बहिर्जी म्हणाला.

"कुठली मूठ?" कोंडाजीबाबाही म्हणाले!

पंतांनी बोट दाखवलं. चावडीच्या कोनाड्यात गणपती. त्याच्यापुढं ओळीनं पळसाची पानं मांडलेली, आणि प्रत्येक पानावर — एक एक मूठ चिंचोके! शेवटच्या पानावरची मूठ आत्ताची, ताजी!

अहो, काय झालं होतं? खोऱ्यातली रीत! राशीतली पहिली मूठ देवाची. खळ्यावर येसाजीचा हात 'लाभ' म्हणत देवाकडं वळायचा. चावडीतही वळला! डोक्याला कळलं नाही, हाताला सवय होती. प्रत्येक घड्यातून पहिली मूठ — गणपतीला!

आणि ती पानं लपवली होती का? छे! सगळ्यांनी पाहिली होती. पाहून नमस्कार केला होता! बहिर्जीच्या माणसांनी केला, बाबांच्या माणसांनी केला. चोर शोधणाऱ्यांनी सुद्धा केला! आपली सवय आपल्याला दिसत नाही हो. सगळ्यांना 'लाभ' ऐकू आला. पंतांना तो ऐकू आला नाही, म्हणून त्यांना नुसता हात दिसला!

मोठ्या गावात बाबांचा एकच भला मोठा घडा. त्यातली एकच मूठ गेली. वाड्यावाड्यांवर मात्र बाबांचे घडे रिकामे आणि बहिर्जीचे भरलेले. तिथं प्रत्येक वाडीची एकेक मूठ गेली. पानं ओळीनं होती, घडेही त्याच ओळीनं. ज्याचे त्याचे चिंचोके ज्याच्या त्याच्या घड्यात परत गेले. पंतांनी उभं राहून मोठ्यानं सांगितलं — "बहिर्जी जिंकले!"

हलगी वाजली नाही. येसाजी गुडघ्यांत डोकं घालून रडत होता. "जन्मभर कुणाचा दाणा घेतला न्हाई... आणि देवापायी चोर झालो..."

बाबा त्याच्याजवळ बसले. आपली खुर्ची गेली होती. साकव दुसऱ्याच्या हातून होणार होता. मनात कळ आली असेल की नाही? आली. माणूसच तो. तरी त्यांनी येसाजीचा हात हातात घेतला. "येसा, तुझा हात चोर नाही. सवयीचा आहे. आज पडताळा झाला नसता, तर तू मरेपर्यंत चोर राहिला असतास आणि मी मरेपर्यंत चोराचा कारभारी. त्या बहिऱ्या पंतांनी आपली दोघांची अब्रू काढली नाही रे — परत दिली!"

बहिर्जी पुढं आला, येसाजीच्या पाया पडला. "काका, शब्द मागं घेतो."

"घे बाबा," येसाजी नाक पुसत म्हणाला, "पण मोजून घे!"

तेव्हा कुठं चावडी हसली.

मंडळी, इथं गोष्ट संपली असती, तर बरं झालं असतं. पण माणूस आहे ना! खोऱ्याची रीत अशी, की सभेनं केलेल्या कायद्यावर नव्या कारभाऱ्यानं शिक्का उठवल्याशिवाय तो पुढं चालत नसे. बहिर्जीच्या डोक्यावर पागोटं चढलं. समोर शिक्का आला. आणि गडी घुटमळला! म्हणाला, "आता मी तर खरा ठरलो. चूकही सापडली. येसाजीकाका पुन्हा मूठ उचलणार नाहीत. मग आता दर वेळी पडताळा कशाला? उगाच परके लोक, उगाच संशय..."

बघा! पागोटं तेच, डोकं बदललं. तरी बोलणं रंगोजीचं!

बाबा तर हरलेले; त्यांनी काय बोलावं? पण ठकू? ती उठली. डोहावर जायला आणलेला आपला दोर कोपऱ्यातून घेतला. बहिर्जीची धाकटी लेक चंद्री बापाच्या मांडीजवळ बसली होती. तिच्या कमरेला ठकूनं दोर बांधला आणि दुसरं टोक दिलं नव्या कारभाऱ्याच्या हातात.

"धरा काका. चंद्रीला डोहावर पोहायला नेते. दोर माझ्या आजोबांनी वळलाय. एकदम चांगला आहे. बघायची गरज नाही!"

बहिर्जीनं टोक धरलं — आणि काय झालं असेल? सांगा की! त्याचा हात आपोआप हलला, आणि त्यानं दिला हिसका!

चावडीत सगळ्यांनी तो पाहिला. बहिर्जीनंही आपल्याच हाताकडं पाहिलं. चढलेलं पागोटं सारखं केलं, आणि मान खाली घालून शिक्का उठवला. एका हाताच्या सवयीनं चूक झाली होती, दुसऱ्या हाताच्या सवयीनं कायदा टिकला!

आता मंडळी, माझ्याकडं नको, आपल्या हाताकडं बघा. कुठली मूठ आपला हात न कळत बाजूला काढतोय? आणि उद्या कुणी म्हणालं, "तुमचं काम जरा पडताळून बघू," तर कपाळाला आठी घालणार? की विचारणार — माझ्या दोराच्या टोकाला कोण आहे? जिंकलात तरी विचारा. जिंकलात तर आधी विचारा!

आणि ठकू? अहो, ती कुठली थांबतेय शिक्का वाळेपर्यंत! चंद्रीचा हात धरून ती डोहाकडं पळाली. मागून धापा टाकत आजोबा आणि बहिर्जी. काठावर पोचल्यावर तिनं आजोबांनी आणलेला दुसरा दोर आपल्या कमरेला बांधला, चंद्रीची गाठ तपासली, मग स्वतःची. दोन्ही दोर दोघांच्या हातात दिले, मागं वळून एक हिसका दिला — आणि धब्बकन उडी मारली!